सोमवारचं मिश्रण

सोमवारी झाफिरीस व्रेत्तोस लसूण खात नसे आणि सकाळची कॉफीही काम आटोपल्यावरच घेई. कैरोतल्या मुस्की रस्त्यामागे त्याचा सिगारेटचा कारखाना होता. खाली लांबलचक दालनात सव्वाशे माणसं बाकांवर बसून सिगारेटी वळत. वरच्या मजल्यावर बिनखिडकीची एक खोली होती. सोमवारी सकाळी सहाला तो त्या खोलीत शिरे आणि आतून कडी लावून घेई. तंबाखूच्या गासड्या हमालांनी शनिवारीच दाराशी आणून ठेवलेल्या असत. त्या आत ओढायला त्याने कधी कुणाला हात लावू दिला नाही, साठी जवळ आली तरी नाही.

आत काय चालतं ते कुणी पाहिलं नव्हतं. पानं झटकल्याचा आवाज येई, मग पाणी शिंपडल्याचा, मग बराच वेळ काहीच नाही. त्या वेळी तो वास घेत असे. नवाच्या सुमाराला दार उघडे आणि ओल्या गोणपाटाखाली झाकलेला ढीग खाली कापायला जाई. हेच ते मिश्रण. कारखान्याच्या भिंती, बाकं, सुऱ्या कुणालाही विकत घेता आल्या असत्या. गिऱ्हाईक परत परत येई ते या ढिगासाठी, आणि तो कुठल्या पानांनी, किती पानांनी होतो हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. त्याने ते कधी कागदावर लिहिलं नाही. "जावयाला सांगेन," तो म्हणे. मुलगा त्याला नव्हता.

झान्थीजवळच्या एका खेड्यात त्याचा जन्म झाला. बाप अनेस्तीस दुसऱ्यांच्या शेतावरची पानं दोऱ्यात ओवायचा आणि खोकत खोकत मेला. चौदाव्या वर्षी झाफिरीस कॉन्स्टँटिनोपलला एका तंबाखूच्या वखारीत लागला. तिथे एका म्हाताऱ्या आर्मेनियन माणसाने त्याच्या डोळ्यांवर फडकं बांधून त्याला पानं ओळखायला शिकवली. चुकला की कानशिलात बसे. दहा वर्षांनी सरकारने तंबाखूचा सगळा मक्ता एका कंपनीला दिला. वखारीला टाळं लागलं, आणि तो दोन गासड्या, एक सुरी घेऊन अलेक्झांड्रियाच्या बोटीत चढला. कैरोत आलेल्या ग्रीक माणसाला तेव्हा दोनच धंदे सुचत, कापूस आणि सिगारेट, आणि कापसाला भांडवल लागे. एका वाण्याच्या दुकानामागे चार माणसं बसवून त्याने सुरुवात केली. पंधरा वर्षांत चाराची सव्वाशे झाली. पस्तिशी ओलांडल्यावर त्याने अलेक्झांड्रियातल्या एका शाळामास्तराची मुलगी केली, कलियोपी. १८९९ च्या जानेवारीत मुलगी झाली. तिचं नाव उरानिया ठेवलं, आणि त्याच महिन्यात निघालेल्या नव्या सिगारेटच्या डब्यावरही तेच नाव छापलं. बारशाची पाकिटं वाटावीत तसे त्याने ते डबे वाटले.

त्याच वर्षी डिसेंबरात संप झाला.

सिगारेट वळणारे बहुतेक ग्रीकच होते, बेटांवरून आलेले. हजार सिगारेटींमागे मिळणारी मजुरी त्यांना वाढवून हवी होती. त्यांचा पुढारी पांदेलीस कासोस बेटावरचा, तिशीचा, लांब बोटांचा. कागदावर चिमूट पसरायची, अंगठ्याने वळवायची, टोकं नखाने आत दुमडायची, यात त्याच्याएवढा वेगाचा माणूस कारखान्यात नव्हता. कमी बोलायचा, पण त्याने बाकावरून उठून टोपी घातली की सव्वाशे टोप्या चढत. त्याच्याबरोबर असायचा त्याचा मित्र निकीतास. तो मात्र दोघांच्या वाटचं बोलायचा.

"मालक," निकीतास फाटकाबाहेरून ओरडायचा, "आज मिश्रण काय केलंत? स्वतःच ओढा! वळायला कोण आहे?"

दहा दिवस फाटक बंद राहिलं. वरच्या खोलीत गोणपाटाखालचा ढीग तापून आंबायला लागला. व्रेत्तोस रोज हात घालून बघे आणि खाली येई. अकराव्या दिवशी बातमी आली की पांदेलीसच्या बायकोला मुलगा झाला. व्रेत्तोसने कोट चढवला, वाटेत साखरेचे बदाम आणि बाटली घेतली आणि शुब्रा वस्तीत पांदेलीसच्या खोलीवर गेला. खोलीत आठदहा संपवाले बसले होते.

"सुखरूप ना बाळंतीण?" व्रेत्तोसने विचारलं.

"सुखरूप आहे," पांदेलीस म्हणाला. "संपाचं बोलायला आला असाल तर बाहेर बोलू."

"संपाचं कोण बोलतंय? मी पोरासाठी आलो." त्याने बदाम टेबलावर ठेवले. "मला कुंबारोस करून घे, पांदेलीस. पोराला बाप्तिस्म्याचं तेल मी माखतो."

निकीतास खुर्चीवरून उठला. "पांदेलीस, हो म्हणू नकोस!"

पण ते कुणाच्याच हातात नव्हतं. पोराचा धर्मबाप व्हायला जो आपणहून दारात येतो त्याला नाही म्हणत नाहीत. वैरी आला तरी नाही. नाही म्हटलेलं पोर जगत नाही, असं बेटांवरच्या बायका मानतात. पडद्याआडून बाळंतिणीचा आवाज आला, "हो म्हणा. देवासाठी हो म्हणा."

पांदेलीसने बदामांकडे पाहिलं. मग दोन पेले काढले.

धर्मबाप झाला की तो आणि पोराचा बाप एकमेकांचे कुंबारोस, रक्ताच्या भावापेक्षा जवळचे. शब्द दिला त्या घटकेपासून नातं लागतं. कुंबारोसच्या दारात उभं राहून त्याच्या नावाने ओरडायचं नसतं. दुसऱ्या दिवशी पांदेलीस फाटकावर गेला नाही, कामावरही गेला नाही. घरी बसून राहिला. चार दिवसांत संप विस्कटला. ग्रीक वकिलातीच्या माणसांनी निकीतासला आणि आणखी एकाला बोटीत बसवून पिरेयसला धाडलं. निकीतासचं त्यानंतर पत्रसुद्धा आलं नाही.

मूल चाळीस दिवसांचं झाल्यावर बाप्तिस्मा ठरला. त्या सकाळी कलियोपी नवऱ्याच्या हातांना लिंबू चोळत होती. तंबाखूचा वास कातडीत इतका मुरला होता की पाद्री नाक मुरडायचा.

"एक सांगू?" ती म्हणाली. "रागावू नका."

"सांग."

"आपल्या घरात मुलगी आहे. ज्याला तुम्ही तेल माखणार तो तिचा भाऊ होणार. माझी आई म्हणायची, मुलीच्या बापाने दुसऱ्याच्या मुलाला हात लावण्याआधी दहा वेळा विचार करावा. उद्या त्या दोघांचं लग्न व्हायचं म्हटलं तर..."

व्रेत्तोस हसला. "पांदेलीसच्या पोराशी? मी माझी मुलगी सिगारेटी वळणाऱ्याच्या घरी देणार आहे?"

"तसं नाही हो..."

"दुसरं लिंबू आण. हे सुकलं."

नाव ठेवण्याचा मान धर्मबापाचा असतो. पण धर्मबाप आधी बापाला विचारतो आणि पहिल्या मुलाला आजोबाचं नाव देतो, अशी रीत. पांदेलीसचा बाप मिखालीस. पाण्याच्या कुंडाशी पाद्रीने तीनदा नाव विचारलं आणि व्रेत्तोसने तिन्ही वेळा स्वतःच्या बापाचं नाव सांगितलं, अनेस्तीस. आई रीतीप्रमाणे बाहेर थांबली होती; पोरं तिला नाव सांगायला धावत सुटली. पांदेलीस मेणबत्ती धरून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरून कुणाला काही कळलं नाही. पुढच्या सोमवारी तो कामावर आला आणि आपल्या बाकावर बसला. मजुरी पूर्वीचीच होती.

कुंबारोसला एकेरीत हाक मारायचा हक्क असतो. पांदेलीसने तो कधी वापरला नाही. "कुंबारे, तुम्ही," असंच म्हणे.

व्रेत्तोसने रीत सोडली नाही, हेही नोंदवायला हवं. दर ईस्टरला त्याने धर्मपुत्राला मेणबत्ती, बूट आणि नवा सदरा पाठवला. शाळेत घातलं. पोर तेराव्या वर्षी बापाशेजारी बाकावर बसलं तेव्हा त्याला हळूहळू पानं कापायच्या टेबलावर नेलं. दर रविवारी अनेस्तीस जेवायला मालकाच्या घरी येई. धर्मबापाला तो "नोने" म्हणे, आम्हा ग्रीकांत धर्मबापाला सगळेच म्हणतात तसं.

कलियोपी १९१६ साली तापाने गेली. घर उरानियाच्या हातात आलं. ती वडिलांचं स्वयंपाकपाणी, कपडे बघे आणि रविवारी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी, कारण तंबाखूच्या धुळीने त्यांचे डोळे चुरचुरत. वाचताना मधूनच ती स्वतःची टिप्पणी घाली आणि पुढे वाचे. त्यामुळे बातमी कुठे संपली आणि उरानिया कुठे सुरू झाली हे व्रेत्तोसला कळत नसे. अनेस्तीसला बरोबर कळे. तो ताटात बघून हसायचा.

युद्ध संपलं त्या वर्षी कवालाहून माल आला. व्रेत्तोसने एका गासडीच्या शिवणीतून वरचं पान ओढून चोळलं, हुंगलं आणि मान हलवली. उत्तम. अनेस्तीस शेजारी उभा होता.

"नोने, आतलं पण बघा ना."

"का?"

"वरचा थर डोंगरातला आहे. आतलं पान समुद्राकाठचं आहे. खारट वास येतोय."

"गासडी अजून उघडलीसुद्धा नाही."

"शिवणीतून येतोय."

व्रेत्तोसने दोरी कापली, हात कोपरापर्यंत आत घातला आणि मूठ बाहेर काढली. बराच वेळ ती नाकाशी धरून तो उभा राहिला. पोर बरोबर होतं. कापणारे काम थांबवून बघत होते. त्यांतला एक म्हातारा म्हणाला, "पोर तिसरा हिस्सा धर्मबापाचा घेतं म्हणतात, ते उगीच नाही."

पांदेलीस मान वर न करता सिगारेट वळत होता. "नाक तुमचं घेतलं, कुंबारे," तो म्हणाला. "हात माझे. मधलं काय ते देव जाणे."

त्या दिवसापासून व्रेत्तोसला एकच विचार. मिश्रण कुणाच्या हवाली करायचं याचं उत्तर त्याच्याच टेबलावर रविवारी मासे खात होतं. शहरात यंत्रं आली होती. एक यंत्र दिवसाला पन्नास माणसांच्या सिगारेटी टाकत होतं. मोठ्या कंपन्यांसमोर टिकायचं तर मिश्रणावरच टिकता आलं असतं, आणि मिश्रणाला नाक लागतं. एका रविवारी अनेस्तीस गेल्यावर त्याने मुलीला जवळ बोलावलं.

"अनेस्तीस कसा वाटतो तुला?"

उरानिया ताटं उचलत होती. "मला विचारताय म्हणजे तुमचं ठरलंय."

"तू सांग ना."

"सांगितलं की मागे फिरायचं नाही, बाबा."

"नाही फिरणार."

"मग हो. मला तो हवा. त्याला मी हवी, हे त्याने सांगितलेलं नाही, पण एक माणूस चार वर्षं एकाच घरी वांग्याची भाजी मागून घेतो आणि त्याला वांगं आवडत नाही, हे मला ठाऊक आहे." तिने ताटं खाली ठेवली. "आणि तेलाचं काय? तो माझा भाऊ आहे. सगळं कैरो सांगेल."

"तेलाचं मी बघतो. चर्चमधलं झुंबर माझ्या पैशाचं आहे."

पाद्री म्हातारा होता, घाई नसलेला. त्याने कॉफी मागवली, सगळं ऐकून घेतलं.

"झुंबर सुंदर आहे, व्रेत्तोस. पण तुम्ही तेल माखलं आणि मुलगा तुमच्या मुलीचा भाऊ झाला. लांबची चुलत बहीण असती तर वर लिहून पाहिलं असतं. हे रक्ताच्याही वरचं नातं. इथे परवानगी नसते."

"नोंदवहीत माझं नाव आहे?"

"त्या सालची वही नाही. तळघरात पाणी शिरलं तेव्हा लगदा झाली."

"मग कोण सांगणार मी होतो म्हणून?"

पाद्रीने त्याच्याकडे पाहिलं. "ज्या पाद्रींनी बाप्तिस्मा दिला ते गेले. मुलाची आई गेली. लोकांच्या बोलण्यावर चर्च चालत नाही, पण बाप आहे. बापाने क्रूसावर हात ठेवून सांगितलं की ऐनवेळी दुसराच कुणीतरी उभा राहिला होता, तर त्या दोघांना लग्नाचे मुकुट घालायला कुठलाच पाद्री नाही म्हणणार नाही. पण ते खरं नाही. आणि मी हे तुम्हाला सुचवलेलं नाही."

"नाही सुचवलंत," व्रेत्तोस म्हणाला आणि टोपी घेऊन उठला.

शुब्रातली खोली तीच होती. पडदा आता नव्हता. पांदेलीस पन्नाशीचा झाला होता. बोटांची पेरं सुजली होती, अजून वळत होता पण आता वेगात मागे पडला होता. रविवार दुपार होती. तो उन्हात खुर्ची टाकून बसला होता. व्रेत्तोसने सगळं सांगितलं, कारखाना, मिश्रण, दोन्ही मुलं, पाद्री.

"म्हणजे तुम्ही नव्हतात," शेवटी तो म्हणाला.

"शपथेपुरता नव्हतो."

"मग कोण होतं?"

"घाल कुणाचंही नाव. इथे नसलेल्या माणसाचं, म्हणजे विचारायला कुणी जाणार नाही. निकीतासचं घाल."

नाव तोंडातून गेलं आणि व्रेत्तोसला ते परत घ्यावंसं वाटलं. पांदेलीस उठून उभा राहिला होता.

"झाफिरीस," तो म्हणाला. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने मालकाला नावाने हाक मारली. "तू या दारात बदाम घेऊन आलास. नाही म्हणता येत नाही हे तुला ठाऊक होतं, म्हणूनच आलास. मी घरी बसलो. निकीतास फाटकावर एकटा उरला. बोटीच्या शिडीवर त्याने मला काय सांगितलं, माहीत आहे? म्हणाला, पांदेलीस, तुझा दोष नाही, तेलापुढे कुणाचं चालत नाही. एवढ्या एका वाक्यावर मी वीस वर्षं काढली. आता मी क्रूसावर हात ठेवून सांगू की तेलच नव्हतं? मग मी कोण होतो? संपफोड्या?"

"तुझ्या पोराचं भलं होतंय."

"कळतंय मला. तेव्हाही तू पोराचंच भलं करायला आला होतास."

"त्याला कारखाना मिळेल, पांदेलीस. बायको मिळेल, त्याच्या मनातली."

"आणि माझा बाप मिखालीस, त्याचं नाव कुठे मिळेल?" पांदेलीस पुन्हा खुर्चीत बसला. त्याचा आवाज नेहमीसारखा झाला. "जा, कुंबारे. ऊन लागेल तुम्हाला."

व्रेत्तोस त्यानंतर दोनदा गेला. एकदा दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा पांदेलीसने कॉफी दिली, हवापाण्याचं बोलला आणि मूळ गोष्टीवर एक शब्द काढला नाही.

अनेस्तीसला हे बापाकडूनच कळलं. रविवारी तो जेवायला आला नाही. त्याऐवजी सोमवारी सकाळी वरच्या खोलीच्या दाराशी उभा राहिला. त्या दाराशी सोमवारी उभं राहायची तोवर कुणाची हिंमत झाली नव्हती.

"नोने, मी पोर्ट सैदला चाललो. मामा आहे तिथे, बोटींना माल पुरवतो."

दार उघडलं. व्रेत्तोसच्या केसांत तंबाखूची धूळ होती. "आत ये. आज तुला दाखवतो. जावई हो की होऊ नकोस."

अनेस्तीस उंबऱ्याच्या आत आला नाही. आत सात ढीग वेगवेगळे पडले होते, तो तिथूनच हुंगू शकत होता. त्याने मान दुसरीकडे वळवली.

"बापाला मी काही बोललो नाही," तो म्हणाला. "तुम्हीही बोलू नका. तो खोटं बोलला असता तर त्याच्या तोंडाकडे बघून मी लग्न कसं केलं असतं? आणि खरं बोलला म्हणून त्याच्याच शेजारच्या बाकावर रोज कसा बसू?"

"उरानियाला सांगितलंस?"

"तिनेच सांगितलं, जा म्हणून."

तो गेला. व्रेत्तोसने कडी लावली आणि त्या सोमवारी दार बारा वाजता उघडलं. खाली कापणाऱ्यांनी ढिगावरचं गोणपाट काढलं आणि एकमेकांकडे पाहिलं. मिश्रणात पाणी जास्त झालं होतं. असं आधी कधी झालं नव्हतं.

पुढच्या वर्षी एका मोठ्या इंग्रज कंपनीचे दोघं जण आले. तरुण, दाढी केलेले, नम्र. त्यांना 'उरानिया' हे नाव हवं होतं, डबा हवा होता आणि दुकानदारांची यादी हवी होती. कारखाना पाहून झाल्यावर व्रेत्तोस त्यांना वरच्या खोलीकडे न्यायला निघाला. तिथे काय आहे, असं त्यांनी विचारलं. त्याने सांगितलं. त्यांतला एक हसून म्हणाला की पानं आता लंडनहून ठरून येतात, सगळीकडे एकच. मिश्रणाची किंमत त्यांनी विचारलीच नाही. व्रेत्तोसने सही केली. सव्वाशेपैकी एकोणीस माणसं कंपनीने ठेवली, डब्यात सिगारेटी भरायला. पांदेलीस त्यांत नव्हता. शेवटच्या दिवशी त्याने वळताना अंगठ्यावर चढवायचं आपलं कातडं बाकावर ठेवलं, टोपी घातली आणि कुंबारोसला सलाम करून गेला.

उरानियासाठी मन्सूरातल्या एका कापूस दलालाचं स्थळ आलं होतं. ती नाही म्हणाली, आणि का ते सांगितलं नाही. बापानेही विचारलं नाही. गल्लीतल्या टपरीवर तिच्या नावाचे डबे टांगलेले असत. पोरं ओरडून मागत, "एक उरानिया द्या!" ती मासळी घेऊन शेजारून जाई.

१९२२ च्या उन्हाळ्यात एका सकाळी पांदेलीस त्यांच्या दारात आला. हातात साखरेचे बदाम होते.

"अनेस्तीसचं लग्न ठरलं," तो म्हणाला. "पोर्ट सैदचीच मुलगी, मारिगो. आमच्या बेटावरची, बाप बोटी बंदरात आणतो. मुकुट धर्मबापानेच घालायचे असतात. तुम्हाला बोलवायला आलोय, कुंबारे."

व्रेत्तोसने बदामांकडे पाहिलं. "तू सूड घेतोयस, पांदेलीस."

"नाही." पांदेलीसने टोपी काढली. घामाने कपाळाला लाल वळ पडला होता. "दुसऱ्या कुणाला बोलावलं तर लोक म्हणतील आमच्यात तेल नव्हतंच. रीत आहे, म्हणून आलो. तुम्ही आला होतात तसाच."

आतून उरानिया कॉफी घेऊन आली. तिने सगळं ऐकलं होतं. "बाबा येतील, काका," ती म्हणाली. "कधी आहे?"

लग्नाच्या दिवशी गाडी सकाळची होती. उरानियाने सदऱ्याला इस्त्री केली, मग लिंबू कापलं आणि वडिलांच्या हातांना चोळलं. दोन वर्षं तंबाखूला हात लागला नव्हता, पण वास गेला नव्हता. खिशात त्याने एक पाकीट ठेवलं होतं. आदल्या आठवड्यात त्याने आयुष्यात पहिल्यांदा ते मिश्रण कागदावर उतरवलं होतं. देण्यासारखं त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

पोर्ट सैदच्या चर्चमध्ये गर्दी आणि उकाडा होता. दोन मुकुट एका पांढऱ्या फितीने जोडलेले. धर्मबापाने नवरा-नवरीच्या मागे उभं राहून ते त्यांच्या डोक्यांवर तीनदा आलटून पालटून घालायचे असतात. व्रेत्तोसने घातले. पांदेलीस समोर मेणबत्ती धरून उभा होता, बाप्तिस्म्याच्या दिवशी उभा होता तसाच. बाहेर आल्यावर व्रेत्तोसने धर्मपुत्राला बाजूला घेऊन पाकीट दिलं. अनेस्तीसने ते उघडलं नाही. फक्त नाकाशी नेलं, सवयीने, आणि त्याला कळलं.

"हे उरानियाचं आहे, नोने," तो म्हणाला आणि पाकीट परत त्याच्या कोटाच्या खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी व्रेत्तोस घरी पोचला. उरानियाने ताट वाढलं.

"मुलगी कशी आहे?"

"उंच आहे."

"बरं," ती म्हणाली.

त्याने पाकीट टेबलावर ठेवलं. ती हात पुसून आली, कागद काढून उभ्यानेच वाचला. मग पुन्हा एकदा वाचला, बोट ओळींवरून फिरवत.

"स्मिर्नाचं पान राहिलं, बाबा."

"काय?"

"शेवटी मूठभर घालायचात ना, पाणी मारल्यावर. ते लिहिलं नाहीत."

व्रेत्तोसने चमचा खाली ठेवला. ते पान घालायला तो आर्मेनियन म्हाताऱ्याकडून शिकला होता, आणि खरंच लिहायला विसरला होता. "तुला कुणी सांगितलं?"

"सोमवारचा सदरा मीच धुवायचे. आई गेल्यापासून. बाही गरम पाण्यात घातली की एकेक पान वेगळं वर येतं. स्मिर्नाचं सगळ्यात शेवटी, मधासारखं." तिने कपाटातून पेन्सिल आणली. कागदाच्या तळाशी एक ओळ लिहिली, घडी घातली आणि आईच्या फोटोच्या चौकटीमागे खोचून ठेवली.

"जेवा," ती म्हणाली. "गार होतंय."